अर्धा नमस्कार

जैतूनबद्दल लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. कारण खरं सांगायचं तर मला तिचं कधी कौतुक वाटलं नाही. हेवा वाटला. लहानपणी वाटला, शाळेत वाटला, मी मास्तरीण झाले आणि ती डोक्यावर पदर घेऊन घरोघर बांगड्या भरत फिरायला लागली तेव्हाही वाटला. ऐकणाऱ्याला हे उलटंच वाटेल. नोकरी मला, परभणीत दोन खोल्या मला, नावामागं ‘मॅडम’ मला, आणि वर हेवाही मीच करायचा. पण जैतूनला परक्या अंगणात शिरताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना माझं म्हणणं पटेल.

जैतून माझ्या चाचाची मुलगी, माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. आमचं गाव पाथरीहून जीपनं अर्ध्या तासावर. गावात मुसलमानांची घरं चार, त्यातली दोन आमची. आम्ही मणियार, म्हणजे बांगड्यावाले. अब्बा आणि चाचा सख्खे भाऊ, घराच्या भिंतीला भिंत. दोन्ही घरांत मिळून एक शिलाई मशीन, एक सायकल आणि बांगड्यांच्या दोन पेट्या. आम्ही दोघी एकाच मराठी शाळेत एकाच दिवशी गेलो. दोघींची मैत्रीणही एकच होती, सुमनकाकूची मीरा. आमचं सगळं भांडण त्या मीरावरून. मीरा कोणाची जास्त, आणि तिच्या लग्नाचा हिरवा चुडा कोण भरणार, हे भांडण आमच्या दहाव्या वर्षी सुरू झालं. जैतूनला मात्र शेवटपर्यंत पत्ता नव्हता की असं काही भांडण चालू आहे. हेव्याचं असंच असतं, एकाच बाजूनं लढावं लागतं.

दिसायला ती काही विशेष नव्हती. बुटकी, सावळी, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. हात मात्र अंगाच्या मानानं मोठे आणि बाराही महिने गरम. त्या हातात कोणाही बाईचा हात आला की बाई सैल व्हायची आणि बोलायला लागायची. सुनेचं, सासूचं, दुखत्या कंबरेचं. जैतून मान हलवत ऐकायची आणि बोलता बोलता अंगठ्याच्या मुळाशी दाबून, हाताची हाडं आत मिटवून बांगडी कधी मनगटावर नेऊन सोडायची ते त्या बाईलाही कळायचं नाही. मग बाई म्हणायची, “गेली का गं? मला तर कळलं बी न्हाई.” जैतून म्हणायची, “कळून काय करता, काकू? ज्याला कळतंय त्याला दुखतंय.”

तिला माणसं नावानं कमी आणि हातानं जास्त आठवायची. “ती गंगाखेडची सून वो, दोन-चारच्या हाताची,” असं बोलायची. दोन-चार म्हणजे बांगडीचं माप. ते ती नुसत्या नजरेनं सांगायची आणि चुकायची नाही. जगातल्या बायकांचे तिनं दोनच प्रकार केले होते. वळता हात आणि अडता हात. वळत्या हाताची बाई हात दिला की दिला, मग तुम्ही काही करा. अडत्या हाताची बाई हात देते, पण आतून ओढून धरते. तिच्याच बांगड्या जास्त वाढतात. ‘वाढतात’ म्हणजे फुटतात. पण तो शब्द आमच्या धंद्यात तोंडातून काढायचा नसतो, अशुभ. बांगडी वाढते, दुकान वाढवतात, दिवा वाढवतात. जैतून तर इतकी पक्की होती की घरात कपबशी फुटली तरी वाढली म्हणायची. चाची वैतागून म्हणायची, “अगे, कप है वो, चूडी नै.”

माझ्या हाताचा निकाल तिनं फार लवकर लावला. “तुझा हात अडता हाय, रुख्सू,” म्हणाली. मी विचारलं, का? “तू धरू देतीस कुठं?”

आणि आणखी एक रीत सांगते, कारण पुढं तिच्यावाचून काही कळायचं नाही. बांगड्या भरून झाल्या की वर एक जास्तीची बांगडी भरतात, आशीर्वादाची, तिचे पैसे घेत नाहीत. मग बाई भरणाऱ्याला वाकून नमस्कार करते. सत्तर वर्षांची असो की सात, पाटलाची असो की मजुराची, करते. आमच्यात माणसापुढं वाकत नाहीत, वाकायचं ते एकासमोरच. त्यामुळं अब्बा त्या वेळी नजर दुसरीकडं न्यायचे, अवघडून जायचे. जैतूननं यातूनही वाट काढली. बाई वाकायला लागली की ती अर्ध्यावरच तिचे खांदे धरायची आणि वर उचलायची. “अर्धा माझा, अर्धा वरच्याचा,” म्हणायची. बायका हसायच्या. तिच्या अर्ध्या नमस्काराची गोष्ट चार गावांत माहीत होती.

पाचवीत असताना संक्रांतीला सुमनकाकूच्या अंगणात हळदीकुंकू होतं. मीरानं वर्गातल्या सगळ्या मुलींना बोलावलं होतं, आम्हालाही. ओळीनं बसलो. काकू कुंकू लावत आल्या आणि माझ्या कपाळासमोर त्यांचं बोट हवेतच थांबलं. “अगं बाई, तुमच्यात चालत न्हाई ना?” म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडं गेल्या. वाईट हेतूनं नाही, हे आज कळतं. पण कुंकू नाही म्हणून तिळगूळही राहिला आणि वाणही राहिलं. माझी मान खाली गेली ती वर येईना. शेजारी जैतून. तिनं सरळ तळहात पुढं केला. “काकू, कपाळाचं ऱ्हाऊ द्या, हातावर लावा. हाताला कोन इचारतंय?” सगळ्या बायका हसल्या. काकूही हसल्या आणि तिच्या तळहातावर हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, गुलाबी कंगवा दिला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “तू बी दे की हात.”

मी मुठी आवळून बसले. काही केल्या उघडल्या नाहीत.

परत येताना जैतूननं हातपंपावर तळहात धुतला आणि कंगवा माझ्यापुढं केला. “आठ दिवस तुझा, आठ दिवस माझा,” म्हणाली. मी तो घेतला नाही. तिच्या घरच्या कोनाड्यात तो कंगवा दात पडेपर्यंत होता, आणि मी त्या घरात गेले की पहिली नजर त्याच्यावर जायची.

तेव्हापासून मी ठरवलं की मी अभ्यासानं जिंकणार. मराठीत पहिली आले, वक्तृत्वात ढाल आणली, प्रार्थना सांगायला पुढं उभी राहायला लागले. डबा उघडला की मुली विचारायच्या, “काय हाय यात?” चवळीची भाजी असली तरी विचारायच्याच. मग मी डबा नेणंच बंद केलं. जैतून आपला डबा उघडा घेऊन वर्गभर फिरायची, “वास घ्या गं, मेथी हाय,” म्हणत, आणि तिच्या डब्यातली मेथी संपायची. आठवीत मराठीचे सर सगळ्या वर्गासमोर मला म्हणाले, “रुख्सार, तू त्यांच्यातली वाटतच नाहीस.” ते वाक्य मी बक्षिसासारखं घरी नेलं. जैतूनला सांगितलं. ती गव्हातले खडे वेचत होती. “मग कुनासारखी वाटतीस?” तिनं विचारलं. अगदी साधेपणानं विचारलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

मीराच्या अंगठ्याचं सांगायचं राहिलं. ते सहावीतलं. शाळेच्या हातपंपावर मी दांडा हाणत होते, मीरा वाकून पाणी पीत होती. तिनं आधाराला डावा हात दांड्याच्या खोबणीशी टेकवला होता ते मी पाहिलं नाही. माझा दांडा सुटला आणि तिचा डावा अंगठा सापडला. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं तो बसवला, पण वाकडा. मुळाशी एक गाठ कायमची उभी राहिली. त्यानंतर मीराच्या डाव्या हातात बांगडी जाईना. नागपंचमीला माझ्या अम्मीनं प्रयत्न केला, चाचीनं केला, पाच-सहा वाढल्या, मीरा रडून लाल झाली. काकू म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, एका हातात भरा.” तेव्हा जैतून पुढं आली. बारा वर्षांची पोर. मीराचा हात तिनं मांडीवर घेतला, बराच वेळ नुसता चाचपला, आणि म्हणाली, “सतराचा पाढा म्हन.”

मीराचं गणित कच्चं. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, असं करत सतरा साते आलं आणि ती अडली. डोळे वर, तोंड उघडं, हिशेब चाललेला. तेवढ्यात जैतूननं बांगडी करंगळीच्या बाजूनं तिरपी घातली, गाठीवरून फिरवली आणि पार केली. मीरा म्हणाली, “एकशे एकोणीस,” आणि खाली पाहते तो बांगडी मनगटात. त्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, “माझ्या लग्नाचा चुडा जैतूनच भरनार.” अंगठा मी मोडला आणि मान जैतूनला मिळाला. मी तिथंच बसले होते, सुट्या बांगड्या दोऱ्यात ओवत.

जैतूनचं दहावीनंतर थांबलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा मानवतच्या बेकरीत कामाला होता. चाचाला मुलगा नव्हता, म्हणून संसार चाचाच्याच घरात मांडला. मी शिकत राहिले. परभणीत पहिली नोकरी लागली तेव्हा मला खोली मिळेना. खोली पाहायची, बोलणं व्हायचं, चहा यायचा, आणि नाव सांगितलं की मालकांना अचानक आठवायचं की खोली पुतण्यासाठी ठेवलीय. तीन घरं झाली. चौथ्या वेळी जैतून सोबत आली, म्हणे मला बाजारात काचेच्या बांगड्या घ्यायच्यात. घरमालकीण दारात उभी. मी माझी कागदपत्रं काढत होते, नोकरीचं पत्र, ओळखपत्र. जैतूननं तिच्या हाताकडं पाहिलं. “मावशी, दोन-चारच्या हातात दोन-आठच्या घातल्यात कुनी? निम्म्या कोपरापस्तोर जायलेत.”

बाई म्हणाल्या, “अगं तेच ना! दुकानवाल्यानं ऐकलंच नाही.”

दहा मिनिटांत जैतून त्यांच्या ओट्यावर बसलेली, त्यांचा हात तिच्या मांडीवर. पिशवीतल्या मापाच्या बांगड्या भरता भरता तिनं सगळं सांगून टाकलं. आम्ही मणियार, ही माझी बहीण, मास्तरीण हाय, गोश्त तुमच्या घरात शिजवनार न्हाई, तिला तसं बी धड काई रांधता येत न्हाई. बाई हसल्या. खोली मिळाली. त्यानंतर दोन वर्षं मी त्या घरात राहिले, वेळेवर भाडं दिलं, त्यांच्या नातवाला फुकट शिकवलं. आणि त्या दर पंधरा दिवसांनी मला विचारायच्या, “तुझी बहीण कधी येणार गं?” माझ्या दारातून माझ्यासाठी कोणी आत आलं नाही. त्या दोन वर्षांत एकदाच मी जैतूनला विचारलं, “तुला चीड येत नाही का, असं मनवत बसायची?” ती म्हणाली, “मी कुठं मनवते? मी हात धरते.” मला ते उत्तर तोंडदेखलं वाटलं होतं.

तीन वर्षांमागं मीराचं लग्न ठरलं. ती नर्स झाली होती, लग्न उशिरा ठरलं. सुट्टीत गावी उतरले तर जीपच्या थांब्यावरच सुमनकाकू भेटल्या. माझा हात धरून मला कडुलिंबाखाली नेलं.

“मॅडम, एक काम कर बाई. जैतूनला सांग, ह्या बारीला येऊ नगं म्हनावं. परभनीहून दुसरा मानूस सांगितलाय.”

“का वो काकू?”

“पोरांच्या ग्रुपवर आलंय. लग्नाचं सामान आपल्याच मानसाकडून घ्या म्हून. पावन्यांनी बी तेच धाडलं. आता ऐन लग्नात कशाला वाद? माझ्या तोंडातून न्हाई निघायचं ते. तू सांग.” आणि निघता निघता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “तू मात्र यायचं बरं का. तुझं वेगळं हाय. तू आपल्यातलीच.”

आता लिहायला लाज वाटते, पण थांब्यापासून चाचाच्या घरापर्यंतच्या त्या दोन गल्ल्या मी खुशीत चालले. पाय उचलून चालले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बोलावणं होतं आणि जैतूनला नव्हतं. ‘आपल्याच मानसाकडून’ या शब्दांनी काकूंनी मलाही उंबऱ्याबाहेरच ठेवलं होतं, हे मला घराच्या दाराशी येईपर्यंत सुचलंसुद्धा नाही. सुचलं तेव्हाही आधी वाटली ती खुशीच.

जैतून पेटी उघडून बसली होती. मीराचा चुडा तिनं महिन्याभरापूर्वीच आणून ठेवला होता, दोन-चारच्या हिरव्या बांगड्या, मऊ फडक्यात गुंडाळून. मी सांगितलं. जमेल तितकं गोड करून सांगितलं, पण सांगितलं सगळं. तिचे हात थांबले.

“त्या मानसाला तिचा अंगठा ठाऊक हाय का?” तिनं विचारलं.

“परभणीच्या माणसाला कसा ठाऊक असेल?”

“मग फोडील त्यो,” जैतून म्हणाली.

हा शब्द मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

ती बराच वेळ पेटीतल्या बांगड्या उगाच इकडच्या तिकडं करत राहिली. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, “मी इतक्या वर्सांत बिनबोलावता कुनाच्या घरी गेले न्हाई, रुख्सू. त्यांनी बोलावलं तवाच गेले. मला वाटलं, निदान मीराच्या घरी तरी...” पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, “बस खाली. तुला तर बोलावलंय न्हवं? हात दे. शिकून घे.”

“मला नाही यायचं ते.”

“मनियाराची हाईस. येईल.”

दुपारभर तिनं मला शिकवलं. तिनं आपला अंगठा आडवा ताठ धरला, मीराच्या गाठीसारखा, आणि हात माझ्या मांडीवर टाकला. मी घाबरत घाबरत बांगडी चढवायची आणि ती तडकायची. काच तिच्या हाताला लागायची. “वाढली. दुसरी घे,” म्हणायची. चार वाढल्या. तिच्या मनगटावर चार रेघा उमटल्या. मी म्हणाले, “तुला राग येत नाही?” “येतो की. राग आला म्हून मीराचा हात रक्ताळू देऊ?” पाचवी बांगडी गेली. तिनं हात वर करून बांगडी वाजवून पाहिली आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. लहानपणापासून आजवर मी तिचा हात इतका वेळ धरला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं.

लग्नाच्या आदल्या सकाळी मी सुमनकाकूकडं गेले. चुडा भरल्याशिवाय हळद लागत नाही, त्यामुळं सगळ्या बायका मांडवात खोळंबलेल्या. परभणीचा माणूस भला होता बिचारा. उजवा हात त्यानं झटक्यात भरला. डाव्या हाताशी आला आणि पहिली वाढली. दुसरी वाढली. तिसरीला मीराच्या अंगठ्यातून रक्त आलं. बायकांत कुजबुज सुरू झाली. चुडा भरतानाच असं होणं बरं नाही, असं एक म्हातारी मोठ्यानंच म्हणाली. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग रस्त्याच्या दिशेनं पाहिलं, मग परत माझ्याकडं.

मी पुढं झाले. “काकू, मी बघते.”

काकूंनी मीराला आणि मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं आणि बाहेर कोणी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मॅडम हायत. त्यांचं चालतंय. त्या आपल्यातल्याच.” आठवीत असंच एक वाक्य मी मिरवत घरी नेलं होतं. त्या खोलीत ते ऐकून मला माझा हात कुठं ठेवावा ते कळेना.

मी पर्समधून जैतूननं दिलेलं फडकं काढलं. हिरव्या बांगड्या पाहून मीरानं आपणहून हात पुढं केला. मी तिचा डावा हात मांडीवर घेतला. ती गाठ माझ्या बोटांना लागली, माझ्यामुळंच झालेली. म्हणाले, “मीरा, सतराचा पाढा म्हण.”

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. “तिनं शिकवलं न्हवं तुला?”

“म्हण आधी.”

सतरा सकपर्यंत ती रडतच म्हणत होती. आता ती नर्स होती, औषधाचे हिशेब तोंडी करणारी. पण सतरा साते आलं आणि ती अडली. खरंच अडली की जुन्या सवयीनं, देव जाणे. हात सैल सुटला. बांगडी गाठीवरून फिरली आणि पार गेली. मग पाठोपाठ सगळ्या गेल्या. एकही वाढली नाही. शेवटी वरची एक, आशीर्वादाची. ज्या हातासाठी मी पंधरा वर्षं कुढले तो हात माझ्या हातात होता, आणि मीरा सारखी दाराकडं पाहत होती.

भरून झाल्यावर ती उठली आणि वाकली. मला जैतूनसारखं अर्ध्यावर खांदे धरायचं सुचलं नाही. तिनं पुरा नमस्कार केला. डोकं वर करून हळू म्हणाली, “हा तुझा न्हाई बरं, रुख्सार. जैतूनला नेऊन दे. म्हनावं, चुडा तूच भरलास.”

मी घरी आले. जैतून दारातच बसली होती, कणीक तिंबून तशीच समोर ठेवलेली.

“गेल्या का?”

“गेल्या.”

“कितव्याला?”

“साताला.”

ती हसली, तो चढलेला दात दिसला. “वाढली एखादी?”

“नाही.”

“नमस्कार केला तिनं?”

मी पाणी प्याले. तांब्या जागेवर ठेवला. “केला,” म्हणाले.

एवढंच म्हणाले. मीराचा निरोप दिला नाही. वाटलं, सगळं हिचंच. अंगण हिचं, घरमालकीण हिची, पाढा हिचा. हा एक तरी माझा राहू दे. जैतून माझ्याकडं पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, कळलं हिला. पण ती उठली, कणकेच्या हातानंच माझे गाल धरले आणि म्हणाली, “झालीस बघ मनियारीन. आता तुझा हात वळता झाला.” तिला माझं कौतुक वाटत होतं. तेही तिला येत होतं.

त्यानंतर एकेक घर सुटत गेलं. कोणी भांडलं नाही, वाईट बोललं नाही. पंचमीला बोलावणं आलं नाही, संक्रांतीला आलं नाही, एवढंच. वाटेत बायका भेटायच्या, “कसं चाललंय?” विचारायच्या आणि हात पदराखाली घ्यायच्या. परभणीच्या बांगड्या होत्या ना हातात. जैतून म्हणायची, “भ्याल्यात बिचाऱ्या,” आणि पेटीवर फडकं टाकायची. वर्षभर वाट पाहिली तिनं. मग नवऱ्याला हैदराबादला एका बेकरीत काम मिळालं आणि तिनं पेटी बांधली.

परभणी स्टेशनवर मी तिला सोडायला गेले. रात्रीच ठरवलं होतं की आज सांगायचं. गाडीला वेळ होता, सांगता आलं असतं. पण नवरा सामान मोजत होता, तिची लहान पोरगी रडत होती, जैतून मला बजावत होती की जेवत जा. गाडी आली, ती बायकांच्या डब्यात चढली, खिडकीची जागा पटकावली. मी खिडकीशी गेले. म्हणाले, “जैतून, तुला एक सांगायचंय.”

“बोल की.”

तेवढ्यात तिच्या शेजारच्या बाईनं गज धरायला हात वर केला. जैतूनची नजर तिकडं गेली. “अगं माय, दोन-सहाच्या हाताला हे काय घातलंय?” म्हणाली आणि तो हात खाली ओढून मांडीवर घेतला. बाई आधी दचकली, मग हसली, मग काहीतरी सांगायला लागली. जैतून मान हलवत ऐकत होती. गाडी हलली.

मग मी वाकले. फलाटावर, माणसांच्या गर्दीत, भर उन्हात. आमच्यात वाकत नाहीत. मी पुरती वाकले. अर्ध्यावर खांदे धरायला कोणी नव्हतं. मान वर केली तेव्हा खिडकी बरीच पुढं गेली होती आणि जैतून त्या बाईचा हात दोन्ही हातांत धरून बसलेली होती, माझ्याकडं तिचं लक्ष नव्हतं.

आणि त्या अनोळखी बाईचा मला हेवा वाटला.